डाव्या खिशातला चेंडू

लेकफर्ड, १९ नोव्हेंबर २००६

टेडी,

फोन करू नकोस. केलास तर मी उचलणार नाही, आणि बाबांनी उचलला तर मी उठून दुसऱ्या खोलीत जाईन. मला जे म्हणायचं आहे ते मी लिहून म्हणणार आहे. फोनवर तू रडतोस, आणि तू रडायला लागलास की या घरात आजवर सगळं तुझ्या मनासारखं झालेलं आहे.

बेसबॉलमधल्या उत्तेजकांवरचा न्यायमूर्तींचा अहवाल गुरुवारी आला. जेवणाच्या सुट्टीत मी तो शाळेच्या ग्रंथालयात छापून घेतला आणि तिथेच उभ्याने वाचला. तुझं नाव साधारण मध्यावर आहे. दोन परिच्छेद. आपल्या स्टोकर्स संघाच्या व्यायामशाळेतल्या माणसाने शपथेवर सांगितलंय की उत्तेजकांच्या सुया त्याने तुला तुझ्याच घरात टोचल्या, हंगामामागून हंगाम, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. ते स्वयंपाकघर मी पाहिलंय. आईने पोलंडहून आणलेली निळी मातीची भांडी तू तिथल्या फळीवर मांडली आहेस. त्या भांड्यांसमोर तू पँट खाली केलीस.

शुक्रवारी सकाळच्या माझ्या रेडिओ कार्यक्रमात मी ते दोन्ही परिच्छेद वाचून दाखवले. आडनावासकट. प्रुखनिक हे माझंही आडनाव आहे, असंही सांगितलं. निर्माता काचेपलीकडून हातवारे करत होता की पुरे. मी थांबले नाही. नंतर फोन घ्यायला सुरुवात केली तर शेवटपर्यंत एक लाइन मोकळी झाली नाही.

तुला कळायला हवं की इथे काय चाललंय. व्होयतास खाटकाने दुकानातला तुझा फोटो उतरवला. त्याच्यामागची भिंत पांढरी राहिली होती, तिथे त्याने कॅलेंडर टांगलं. कोपऱ्यावरच्या बारमध्ये तुझ्या नावाचं जे सॉसेज सँडविच मिळायचं त्याला आता लोक ‘सुई’ म्हणतात. ‘एक सुई दे, मोहरी जास्त,’ असं म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. एका बाईने फोन केला. अजिंक्यपदाच्या त्या रात्री तिचा भाऊ हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता. तुझा होम रन भिंतीपलीकडे गेला तेव्हा त्याने तिचा हात दाबला आणि पहाटे तो गेला. ती मला म्हणाली, ‘मिस प्रुखनिक, माझा भाऊ खोटं बघत मेला.’ यावर तुझ्याकडे काय उत्तर आहे? तुझ्या वकिलाकडे काय आहे?

आणि रे झेलाक. रेचं नाव अहवालात कुठेही नाही. शोधून बघ. लेफ्ट फील्डची ती जागा रेची होती. ज्या वसंतात संघाने तुला ठेवलं आणि त्याला खालच्या संघात धाडलं, त्या वसंतात तुझी मान अचानक कॉलरच्या बाहेर आली होती. मी तेव्हा विचारलं होतं. तू म्हणालास, ‘स्टेक खातो.’ रे चार राज्यं फिरून, गुडघे घालवून परत आला आणि आज पावाची गाडी चालवतो. त्याचं आणि माझं पुढे काय झालं हा इथे विषय नाही. विषय न्यायाचा आहे.

बाबा टेबलाशी पेपर उघडून बसलेत, पान उलटत नाहीत. मी विचारलं, ‘तुम्हाला त्याला काही सांगायचंय का? मी पत्र लिहितेय.’ ते म्हणाले, ‘विचार, नीट जेवतो का.’

अजिंक्यपदाचा तो चेंडू अजून टीव्हीच्या डोक्यावर आहे, काचेच्या वाडग्यात. त्याचं काय करायचं ते आम्ही अजून बोललेलो नाही.

हालिना


लेकफर्ड, ४ फेब्रुवारी २००७

टेडी,

तुझं निवेदन वाचलं. ‘खांदा दुखावलेला होता. संघाला माझी गरज होती. त्या वेळी जे गरजेचं वाटलं ते मी केलं.’ मी ही तीन वाक्यं वादविवादाच्या वर्गात फळ्यावर लिहिली आणि मुलांना विचारलं, यात माफी कुठे आहे ते दाखवा. कुणालाही सापडली नाही. इतिहासातला प्रत्येक बदमाश हेच म्हणत आलाय, टेडी. गरज होती. राजांनी म्हटलं, सेनापतींनी म्हटलं, गिरणीमालकांनी म्हटलं. गरज हा शब्द मी आजवर कुठल्याही प्रामाणिक माणसाच्या तोंडून बचाव म्हणून ऐकलेला नाही.

स्टोकर्सनी तुला सोडलं ते योग्यच केलं. पेलिकन्सनी तुला घेतलं. त्या लोकांना लाज नाही, पण तो त्यांचा प्रश्न. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की हंगामाचा आमचा पहिलाच घरचा सामना पेलिकन्सशी आहे.

‘परतफेक’ची कल्पना माझी असं तू लिहिलं आहेस. तसं नाही. मी रेडिओवर फक्त एवढंच म्हणाले की परक्या संघाचा होम रन आपल्या स्टँडमध्ये पडला तर आपण तो घरी नेत नाही, परत मैदानात फेकतो. ज्याने ठेवला त्याच्यावर अख्खा स्टँड ओरडतो, हे लेकफर्डमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. मग या माणसाचे चेंडू आपण घराघरात सांभाळून का ठेवलेत? हा आपला होता की परका? एवढंच. बाकी लोकांनी केलं. दुसऱ्या दिवशी बसवर घोषणा रंगवलेली दिसली. तिसऱ्या आठवड्यात संघाच्या कचेरीतून मला बोलावणं आलं. आधी हे सगळं लवकर निवलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. मग सामन्याची सगळी तिकिटं संपली आणि त्यांचं मत बदललं. आता सामन्याआधी रीतसर कार्यक्रम आहे. मैदान मोकळं असेल. ज्यांच्याकडे तुझा चेंडू, टोपी, फोटो, मान डोलवणारी ती बाहुली, काहीही असेल त्यांनी ते लेफ्ट फील्डमध्ये फेकायचं. सूत्रसंचालन मी करावं असं ठरलंय.

प्राचीन अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव लिहून माणसाला शहराबाहेर घालवत. तुकडा फेकून देण्याच्याच लायकीचा असायचा, आणि तरी तो प्रत्येकाचा स्वतःचा असायचा. लोकशाही अशीच सुरू झाली. हे मी कार्यक्रमात बोलणार आहे.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ: ‘माझं काय हवं ते कर, पण बाबांना यात ओढू नकोस.’

टेडी, बाबा यात पहिल्या दिवसापासून आहेत. अजिंक्यपद ज्या फटक्याने मिळालं तो चेंडू चौदा नंबरच्या स्टँडमध्ये बाबांच्याच हातात येऊन पडला, ही गोष्ट इथला प्रत्येक माणूस आपल्या लग्नाच्या गोष्टीसारखी सांगतो. मुलाने मारला, बापाने झेलला. लोक तो चेंडू बघायला घरी यायचे, हात लावू का विचारायचे. मग सगळ्या शहराने आपापलं फेकायचं आणि आपण तेवढा वाडग्यात झाकून ठेवायचा?

बाबांची जुनी सवय आठवते? उजव्या खिशात कायम एक फालतू चेंडू. परक्या संघाचा होम रन हाती लागला तर खरा ठेवायचा कोटात आणि खिशातला फेकायचा. स्टँड टाळ्या वाजवतो, चेंडू घरी येतो. ‘एकच चेंडू घेऊन येतो तो नवखा,’ आपल्याला सांगून ते डोळा मारायचे. आपण किती हसायचो. मला हल्ली त्याचं हसू येत नाही. वाटतं, तुझी शिकवणी तिथेच सुरू झाली.

हालिना


लेकफर्ड, २५ मार्च २००७

टेडी,

‘परतफेक’मधला पहिला चेंडू बाबा टाकणार आहेत. ते कसं ठरलं हे तू माझ्याकडून ऐकावंस.

ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू आहेत. चर्चच्या तळघरात नेहमीसारखी तळलेल्या माशांची पंगत. बाबा नेहमीच्या टेबलाशी बसले आणि त्या टेबलाशी दुसरं कुणी बसलं नाही. सगळे इतर टेबलांवर दाटीवाटीने, कोपराला कोपर लावून. बाबांनी सावकाश जेवण केलं. आपल्या ताटातला कोबीसुद्धा संपवला, जो ते कधी खात नाहीत. मी पलीकडे महिला मंडळाबरोबर वाढत होते.

पुढच्या शुक्रवारी झिगी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही. चाळीस वर्षं स्टँडमध्ये शेजारी बसणारा माणूस. म्हणाला, ‘स्टॅश, पोरगा तुझा आहे, मान्य. पण चेंडू आमचाही आहे. टाकणार की नाही?’

बाबा म्हणाले, ‘झिगी, मीठ दे.’

‘मी विचारतोय.’

‘मीपण विचारतोय. मीठ.’

झिगीने मीठ दिलं नाही. त्याच्या बायकोने शेजारच्या टेबलावरून पोलिशमध्ये काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही, आईबद्दल होतं.

रात्री मी बाबांना समजावलं. दोन माणसांच्या घरात जेवढं बोलता येतं तेवढं बोलले. मी म्हणाले, हा चेंडू म्हणजे चोरीचा माल आहे. म्हणाले, त्या बाईचा भाऊ. म्हणाले, रे. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओवर जाहीर केलं की पहिला चेंडू माझे वडील टाकतील. आधी विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग त्यांना या शहरात कुणी मीठही दिलं नसतं. त्यांच्याच भल्याचं होतं ते. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते बाहेर पायरीवर बसून बूट पॉलिश करत होते. वर न बघता म्हणाले, ‘बोललीस ना? मग टाकतो.’

बस. यात ओढणं कुठे आलं?

रेलाही बोलावलं होतं, बाबांच्या शेजारी उभं राहायला. त्याच्याइतका हक्क कुणाचा? तो पहाटे बेकरीच्या मागच्या दाराशी गाडीत पाव भरत होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हाली, माझं नाव तुझ्या भाषणातून काढ. मला टेडीने हरवलं नाही. मला वळणारा चेंडू मारता यायचा नाही. कधीच. तुला सोडून सगळ्यांना माहीत होतं.’

तो दयाळू आहे म्हणून असं म्हणतो. पहिल्यापासूनच तो असा होता. नाव मी काढणार नाही.

तुला कार्यक्रमाच्या वेळी बाहेर यायची गरज नाही. पाहुण्या संघाच्या खोलीत बसून राहिलास तरी चालेल. आम्हाला तू लागत नाहीस.

हालिना


लेकफर्ड, १४ एप्रिल २००७

टेडी,

तू बाहेर का आलास?

मैदान मोकळं राहणार होतं. तलावाकडून वारा होता, बर्फाचे कण उडत होते, माणसं खोकी आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. पोरांच्या हातात सुईच्या आकाराचे फुगे. मी चौदा नंबरच्या कठड्याशी माईक घेऊन उभी होते, बाबा शेजारी, त्यांचा तो काळा रविवारचा कोट. मी अथेन्सचं बोलत होते, चांगलं बोलत होते, आणि एकदम सगळा स्टँड माझ्यावरून नजर काढून पलीकडे बघायला लागला. तू एकटा चालत येत होतास. टोपी काढून, ग्लोव्ह न घालता, सावकाश, लेफ्ट फील्डपर्यंत. वरच्या पत्र्याला कंप सुटेल अशी हुर्यो झाली. तू भिंतीपासून थोड्या अंतरावर थांबलास आणि हात मागे बांधलेस. वर्गात उभं केल्यासारखा.

मी बाबांना खूण केली. त्यांनी उजव्या खिशातून चेंडू काढला आणि टाकला. जुन्या पद्धतीने, डोक्यावरून, त्या वयात. भिंतीखालच्या खडीच्या पट्ट्यावर तो पडला. तू वाकून उचललास, एकदाच पाहिलास आणि छातीशी धरून मान खाली घातलीस. लोक वेडे झाले. झिगीने बाबांच्या पाठीवर थाप मारली, त्याचे डोळे भरले होते, खरंच सांगते. ‘स्टॅश, माणूस आहेस तू,’ तो म्हणाला. सगळं शहर त्या क्षणी बाबांना माफ करायला तयार होतं.

पण मी शेजारी उभी होते. चेंडू खिशातून निघाला तेव्हा मी पाहिला होता. अंतिम सामन्याच्या चेंडूवर निळ्या चषकाचा शिक्का असतो. आणि त्या चेंडूवर तुझ्या बॅटच्या मुठीला लावतात त्या राळेचा तपकिरी डाग होता, अंगठ्याएवढा. मी तो वाडगा वर्षानुवर्षं पुसलाय. या चेंडूवर शिक्का नव्हता, डाग नव्हता. आणि तू तो इतक्या घाईने छातीशी लपवलास की मला कळलं, तुलाही कळलंय.

माझ्यासमोर दोन रस्ते होते असं लोक म्हणतील. नव्हते. हजारो माणसं खोट्यासाठी टाळ्या वाजवत होती, पुन्हा एकदा, त्याच स्टँडमध्ये, त्याच घरातल्या माणसांसाठी. ज्या कारणासाठी आम्ही जमलो होतो तेच तिथे चाललं होतं. मी माईकमध्ये म्हणाले, ‘लेकफर्डकरांनो, थांबा. हा तो चेंडू नाही.’

मग जी हुर्यो उठली ती तुझ्यासाठी उठली होती त्याहून वाईट होती. झिगी हात मागे घेऊन बाबांकडे बघत राहिला. ‘आमच्याशी, स्टॅश? आमच्याशी हा खेळ?’ मागून कुणीतरी बिअरचा पेला फेकला तो बाबांच्या मानेवर फुटला. ‘फेक, फेक’ सुरू झालं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कोटाची बटणं सोडली, एकेक करून, कॉलरमधून बिअर निथळत असताना, आणि डाव्या आतल्या खिशातून दुसरा चेंडू काढला. मी तो त्यांच्या हातात फिरवून बघितला. निळा चषक. तपकिरी डाग. मी जाहीर केलं, ‘हाच.’

त्यांनी तो टाकला, पण दंडात आता जोर नव्हता. खाली काही ओळींवर पडला. आणि त्यानंतर जे झालं त्याचा विचार मी रात्रभर करतेय. कुणीही तो परत फेकला नाही. जी माणसं मिनिटभरापूर्वी गळे फाडून ‘फेक’ म्हणत होती ती त्या चेंडूवर तुटून पडली. बाकांवरून, एकमेकांच्या पाठीवरून. धक्क्यात बाबा पडले, त्यांचा हात पायरीवर होता आणि कुणाचा तरी बूट त्यावर. दोन बोटं मोडली. हिरव्या जाकिटातल्या एका माणसाने चेंडू शर्टात घातला आणि जिना चढून पळाला. ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी मग आपापली खोकी तुझ्यावर रिकामी केली. एक चेंडू तुझ्या कानामागे लागला आणि तू गुडघ्यावर आलास, ते मी पाहिलं. लोक हसले. माझ्या हातातला माईक चालू होता, म्हणून मी हसले नाही.

तू भिंतीतल्या फाटकातून वर येऊन बाबांना उचलून नेलंस. हॉस्पिटलात रात्री त्यांच्याजवळ तू बसलास, मी बाहेर वार्ताहरांशी बोलत होते. कुणीतरी बोलायला हवं होतं.

मला एकच म्हणायचं आहे. बाबांनी पहिल्यांदाच खरा चेंडू टाकला असता तर त्यांची बोटं आज शाबूत असती. ही गोष्ट तू त्यांना सांग. माझ्याशी ते बोलत नाहीयेत.

हालिना


लेकफर्ड, ३ जून २००७

टेडी,

बाबांची थंडीची जाकिटं पार्सलने पाठवली आहेत. तुमच्याकडे ती लागणार नाहीत म्हणा. औषधाची चिठ्ठी आतल्या कप्प्यात आहे. तुझ्याकडे राहायला जाताना त्यांनी मला चावी दिली नाही, पायपुसण्याखाली ठेवली, शेजाऱ्यासाठी ठेवतात तशी.

इथे माझं बरं चाललंय. बाजारात माणसं थांबवून हात मिळवतात. बापालाही सोडलं नाही, असं म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात. नोव्हेंबरात शहर परिषदेची निवडणूक आहे, मी उभी आहे. पत्रकावर एकच ओळ आहे: ‘हा तो नाही, हे सांगणारी.’ ओळ माझी नाही, मंडळींनी काढली.

हिरव्या जाकीटवाल्याने तो चेंडू लिलावाला ठेवलाय. देशभरातून मागणी आहे म्हणे. फसव्याच्या चेंडूला इतकी मागणी असेल तर हा देश कुठे चाललाय यावर मी एक अख्खा कार्यक्रम केला. चेंडू खरा असल्याचं प्रमाणपत्र लिलाववाल्यांना हवं होतं. त्यांना मी लेखी दिलं. माझ्याइतकं तो दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही.

वाडगा रिकामा आहे. त्यात मी किल्ल्या ठेवते.

बाबा नीट जेवतात का?

हालिना


लेकफर्ड, २८ ऑक्टोबर २००७

प्रिय टेडी,

वर्तमानपत्रात आलंच असेल, पण तिकडे किती आलं मला ठाऊक नाही. लिलाववाल्यांनी तो चेंडू प्रयोगशाळेत पाठवला होता. निळा चषक छापलेला नाही, ब्रशने रंगवलेला आहे, बसवर आकडे घालतात त्या रंगाने. डाग राळेचा नाही. बुटाचं पॉलिश.

बाबांनी सगळा जन्म डेपोत शहराच्या बसगाड्यांवर आकडे घातले, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मी या गोष्टीशी बरेच दिवस झगडले. खरा चेंडू मैदानात आलाच नव्हता. डिसेंबरात बाबा ‘टेडीला केक पाठवतो’ म्हणून पोस्टात गेले होते, तेव्हाच तो गेला असणार. म्हणजे सगळा हिवाळा मी जो वाडगा पुसत होते त्यात हाच होता. एवढंही मी समजू शकते. पण दोन चेंडू कशाला? पहिला पुरला होता. लोकांनी मानलं होतं, झिगी रडला होता. दुसरा खिशात ठेवायचं कारण एकच असू शकतं. पहिला चेंडू लोकांसाठी होता. दुसरा माझ्यासाठी होता. मी बोलणार हे त्यांना ठाऊक होतं. पायरीवर बसून बूट पॉलिश करत होते तेव्हाच ठाऊक होतं.

ते तुला हे कधी बोलले? हसले का?

इथे काय चाललंय ते ऐक. रेडिओवाल्यांनी मला ‘निवडणुकीपर्यंत विश्रांती’ दिली आहे. माझ्या जागी आलेल्या मुलाच्या कार्यक्रमात लोक फोन करतात आणि विचारतात की त्या घरात खरं असं काही आहे का. मी, तू आणि बाबा, तिघांनी मिळून हे रचलं, लिलावातला वाटा ठरला होता, असं छापून आलंय. मी! माझ्या पत्रकांवर ‘हा तो नाही’ एवढंच ठेवून बाकीचं खोडतात आणि माझ्या फोटोला सुई काढतात. ज्या बाईचा भाऊ गेला ती भर दुकानात माझ्यासमोर थांबली. मला वाटलं ती तरी. ती म्हणाली, ‘तुम्ही माझ्या भावाचं नाव किती वेळा घेतलंत, मोजलंय का कधी?’ आणि पुढे गेली. व्होयतासने माझ्या आधी माझ्यामागच्या माणसाला मटण दिलं. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मी जेवायला बसले आणि टेबल माझं एकटीचं होतं.

रोज सकाळी अंगणात चेंडू पडलेले असतात. रात्री कुणीतरी टाकून जातं. एकाने खिडकी फुटली. मी ते कपड्यांच्या टोपलीत गोळा करते, दुसरं काय करणार. रे पाव टाकायला आला होता. त्याने टोपली बघितली, काच बघितली, खिडकीला पुठ्ठा लावून दिला आणि गाडीकडे गेला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी मतदान आहे. माझ्यासमोर कोण उभा आहे ते तुला माहीत नाही. तो निवडून आला तर पहिलं काम शाळेचं ग्रंथालय बंद करेल, हे त्याने उघड सांगितलंय. हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही. मी पडले तर लोकांना वाटेल की खरं बोलणारं कुणी नसतंच, सगळेच तुझ्यासारखे. ते खरं ठरता कामा नये. त्यासाठी मला रविवारी चर्चच्या सभागृहात उभं राहून तो चेंडू हातात धरता आला पाहिजे. हा बघा, हा खरा, माझ्या भावाने स्वतः पाठवला, आमच्या घराने परत दिला. एवढं पुरेल. मी बोलले की लोक ऐकतात, ते तू पाहिलं आहेस.

तो पाठव.

बाबा देणार नाहीत हे मला कळतं. तू त्यांना विचारशील आणि ते टीव्हीचा आवाज वाढवतील. तसं झालं तर त्यांना म्हणावं आणखी एक करा. वाकड्या बोटांनीही त्यांना जमेल, त्यांचा हात कधी हलला नाही. अंतिम सामन्याचे कोरे चेंडू तुझ्या ओळखीत कुणाकडे तरी असतीलच, त्यावर शिक्का मुळातला असतो, रंगवायची गरज नाही. मी सांगेन की हाच तो. लगेच तू म्हणशील की मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय. फरक आहे. तू ते स्वतःसाठी केलंस. या शहराला या घडीला माझी गरज आहे, आणि आत्ता जे गरजेचं आहे ते कुणीतरी करायला हवं.

शुक्रवारपर्यंत पोचेल असा पाठव. आणि डागाला या वेळी पॉलिश नको, ते पकडतात. बॅटची खरी राळ लावा. तुझ्याकडे असेलच.

तुझी
हाली